घरच्या राऊटरवर पोर्ट फॉरवर्डिंग : आधी पत्ता तपासा, मग दार उघडा

नागपूरच्या मनीषनगर, बेसा, बेलतरोडी या पट्ट्यात फ्लॅट स्कीम जशा उभ्या राहत गेल्या, तशी फायबरची वायरही घरोघरी पोचली. मुलगा पुण्यात नाहीतर बंगळुरात, आईवडील इथे. कुठे तळमजल्यावर सीएचं छोटं ऑफिस आणि वर घर. कुठे उन्हाळ्यात सगळं कुटुंब गावाला आणि मागे कुलूपबंद फ्लॅटवर चार कॅमेऱ्यांची नजर. अशा घरांतून एक प्रश्न हमखास येतो : घरातला डीव्हीआर, ऑफिसातला टॅलीचा कॉम्प्युटर किंवा फोटो साठवलेली डिस्क बाहेरगावाहून उघडायची कशी? कॅमेरे बसवणारा सांगतो, 'पोर्ट फॉरवर्डिंग करून घ्या.' यूट्यूबवरचा व्हिडिओही तेच सांगतो.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. राऊटरच्या पानावर नियम लिहायला पाच मिनिटं पुरतात. त्याआधी दोन गोष्टी तपासायच्या असतात : तो नियम आपल्या कनेक्शनवर चालेल का, आणि चालला तर त्या वाटेने आपल्याखेरीज आणखी कोण आत येऊ शकतं? बहुतेकांचा वेळ पहिली गोष्ट न तपासल्यामुळे वाया जातो आणि नुकसान होतं ते दुसरी न तपासल्यामुळे. म्हणून इथे क्रम तोच ठेवला आहे.

राऊटर करतो तरी काय?

एखादी फ्लॅट स्कीम डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या जगाला स्कीमचा पत्ता एकच, आत फ्लॅट अनेक, आणि गेटवर वॉचमन. आतल्या कुणी ऑनलाइन काही मागवलं तर वॉचमनला ते ठाऊक असतं. डिलिव्हरीवाला आला की तो त्याला नेमक्या फ्लॅटकडे धाडतो. पण कुणी न बोलावता आला आणि फ्लॅट नंबर सांगू शकला नाही, तर वॉचमन त्याला गेटवरूनच परत पाठवतो.

राऊटरही असाच वागतो. बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता म्हणजे पब्लिक आयपी. घरातले मोबाइल, टीव्ही, डीव्हीआर यांना मिळालेले १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे म्हणजे फ्लॅट नंबर. ते आपल्या घरापुरतेच असतात. शेजाऱ्याच्या घरातही तेच आकडे असू शकतात. आतून निघालेल्या मागणीचं उत्तर राऊटर बरोबर पोचवतो, पण बाहेरून आपणहून आलेली मागणी कुणाला द्यायची हे त्याला कळत नाही, म्हणून तो ती टाकून देतो. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे वॉचमनला दिलेली कायमची सूचना : अमुक क्रमांक सांगून कुणी आलं, तर त्याला अमुक फ्लॅटकडे पाठव. हा क्रमांक म्हणजे पोर्ट. पोर्टचे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असतात आणि ठरावीक कामांचे ठरावीक क्रमांक रूढ आहेत. सुरक्षित वेबसाइटचा ४४३, विंडोज रिमोट डेस्कटॉपचा ३३८९, कॅमेऱ्याच्या थेट चित्रणाचा बहुधा ५५४, माइनक्राफ्टच्या जावा सर्व्हरचा २५५६५.

वॉचमन सूचना पाळतो, पण येणाऱ्याची ओळख तपासत नाही. ते काम आतल्या यंत्राच्या पासवर्डचं. सुरक्षेचा सगळा मुद्दा पुढे इथूनच निघतो.

पहिली तपासणी : पब्लिक आयपी आपल्या राऊटरला मिळाला आहे का?

आयपीच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, सगळ्या जगासाठी मिळून जेमतेम ४२९ कोटी पत्ते आहेत. जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले आणि आशिया-पॅसिफिक विभागात एप्रिल २०११ पासून रेशनिंग सुरू झालं. आपल्याकडे घरगुती फायबरचा सुळसुळाट झाला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. ग्राहक लाखोंनी वाढले, पत्ते तेवढेच राहिले. म्हणून अनेक कंपन्या एकच पब्लिक आयपी बऱ्याच घरांत वाटून वापरतात. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात. मघाच्या उदाहरणात सांगायचं तर अनेक स्कीमची मिळून एक टाउनशिप झाली आणि तिच्या मोठ्या गेटवर कंपनीचा वॉचमन बसला. तुमच्या स्कीमच्या वॉचमनला तुम्ही कितीही सूचना द्या, पाहुणा मोठ्या गेटवरूनच परत जाणार.

तपासणी अशी करा :

१. मोबाइल घरच्या वायफायला जोडा. वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टिचकी मारली की 'गेटवे' किंवा 'राऊटर' या नावापुढे एक आकडा दिसतो. तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओफायबरच्या राऊटरवर १९२.१६८.२९.१ असतो. विंडोजच्या कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून हाच आकडा मिळतो.

२. तो आकडा ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत टाइप करा. राऊटरचं पान उघडेल. युजरनेम आणि पासवर्ड राऊटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. जमलं नाही, तर कनेक्शन जोडून देणाऱ्या माणसाला विचारा.

३. 'स्टेटस', 'इंटरनेट' किंवा 'डब्ल्यूएएन' या नावाचं पान शोधा आणि तिथला आयपी कागदावर लिहून घ्या.

४. त्याच वायफायवरून गूगलमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' असं शोधा आणि येणारा आयपीव्ही४ आकडा शेजारी लिहा. मोबाइलचं व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा.

दोन्ही आकडे एकच निघाले तर पब्लिक आयपी तुमच्या राऊटरवर आहे. पुढचं सगळं तुम्हाला जमेल. आकडे वेगळे निघाले तर राऊटरवरचा आकडा नीट पाहा. समजा तिथे १००.७२.४५.१० असं लिहिलंय. पहिला भाग १०० आणि दुसरा ६४ ते १२७ यांमधला असेल, तर तो खास सीजीनॅटसाठी २०१२ साली राखून ठेवलेल्या पट्ट्यातला आकडा आहे. मग शंका उरत नाही. राऊटरवरचा आकडा १० ने, १९२.१६८ ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ यांनी सुरू होत असेल, तरीही वर आणखी एक राऊटर आहे. तो कंपनीकडचा असेल किंवा तुमच्याच घरातला. घरातल्याची शक्यता आधी तपासा.

एका घरात दोन राऊटर

हे चित्र आता घरोघरी दिसतं. फायबरवाल्याने दिलेला एक डबा बाहेरच्या खोलीत असतो. बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून बर्डीच्या बाजारातून आणलेला दुसरा राऊटर त्याला जोडलेला असतो. दोघेही राऊटरचंच काम करत असतील, तर आत दोन वॉचमन झाले. डीव्हीआर दुसऱ्या राऊटरला जोडलेला आणि नियम पहिल्यावर लिहिलेला असेल, तर काहीच होत नाही.

यावर दोन उपाय. सोपा उपाय म्हणजे तुमचा राऊटर 'ॲक्सेस पॉइंट मोड'मध्ये टाकणं. मग तो फक्त वायफाय पसरवतो आणि आकडे वाटायचं काम कंपनीच्या डब्यावरच राहतं. दुसरा उपाय म्हणजे कंपनीचा डबा 'ब्रिज मोड'मध्ये टाकून इंटरनेटचं लॉगिन तुमच्या राऊटरवर आणणं. कनेक्शन पीपीपीओई प्रकारचं असेल, तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड कंपनीकडून घ्यावे लागतात. हे कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावं. मध्येच अडकलं तर घरचं इंटरनेट बंद पडतं आणि तक्रार नोंदवायला मोबाइल डेटाच उरतो.

सीजीनॅट निघाला तर?

कितीही नियम लिहिले तरी सीजीनॅटच्या मागे पोर्ट फॉरवर्डिंग चालत नाही. राऊटर बदलून, महागडा घेऊन किंवा सगळं रिसेट करूनही फरक पडत नाही. तुमच्यापुढे चार वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी विकत घेणं. बऱ्याच कंपन्या जादा पैसे घेऊन तो देतात; काही ठिकाणी त्यासाठी बिझनेस प्लॅन घ्यावा लागतो. कस्टमर केअरला फोन केला की पहिलं उत्तर बहुधा 'राऊटर बंद करून चालू करा' असं येतं. म्हणून आपला प्रश्न नेमका ठेवा : 'माझ्या कनेक्शनवर सीजीनॅट आहे. मला बाहेरून पोचता येईल असा पब्लिक आयपीव्ही४ पत्ता हवा आहे. तो मिळतो का, महिन्याला किती पैसे, आणि राऊटरचं ॲडमिन लॉगिन मला मिळेल का?' उत्तर ई-मेल किंवा मेसेजवर मागा. स्थानिक केबलवाल्याचं कनेक्शन असेल तर सरळ त्याच्या ऑफिसात जाऊन बोला. काम करणारा माणूस समोर असला की अशा गोष्टी लवकर मार्गी लागतात.

दुसरी वाट म्हणजे कंपनीची क्लाउड सेवा. हिकव्हिजनचं हिक-कनेक्ट, दाहुआचं डीएमएसएस ही अशी ॲप आहेत. डीव्हीआर आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला राहतो आणि मोबाइलही तिथेच जोडला जातो. जोडणी आतून निघालेली असल्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. डीव्हीआरवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की काम होतं. घर बंद असताना कॅमेरे बघणं एवढीच गरज असेल, तर तुम्हाला पोर्ट फॉरवर्डिंग नको आहे. हा लेख इथेच थांबवून क्यूआर कोड शोधायला हरकत नाही.

तिसरी वाट म्हणजे टेलस्केल किंवा झिरोटियर यांसारखी सेवा. घरातल्या एका कॉम्प्युटरवर आणि तुमच्या मोबाइलवर एकच खातं टाकलं की दोन्ही एकाच घरातल्या वायफायवर असल्यासारखे वागतात. टेलस्केलचं वैयक्तिक वापराचं खातं फुकट मिळतं. घरच्या डिस्कवरचे फोटो, टॅलीचा कॉम्प्युटर यांसाठी ही सोय पुरेशी आहे.

चौथी वाट आयपीव्ही६ ची. नव्या पद्धतीत पत्त्यांची टंचाई नाही. घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा जागतिक पत्ता मिळतो. जिओसारख्या, उशिरा आलेल्या कंपन्यांनी ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली. तपासणीत २ ने सुरू होणारा, अपूर्णविरामांनी तोडलेला लांबलचक पत्ता दिसला तर तुमच्याकडे ती आहे. तिथे फॉरवर्डिंगचा प्रश्नच येत नाही. राऊटरच्या फायरवॉलमध्ये त्या यंत्रापुरती परवानगी द्यावी लागते. अट एकच : तुम्ही जिथून बघणार, तिथल्या कनेक्शनवरही आयपीव्ही६ हवं.

पोर्ट कशासाठी उघडायचा?

पब्लिक आयपी मिळाला म्हणून लगेच पोर्ट उघडू नका. 'मनीषनगरातलं माझं घर कोण शोधायला बसलंय?' असं अनेकांना वाटतं. पण शोधणारा घर निवडत नाही, तो सगळेच पत्ते चाचपतो. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचं साधन तयार केलं. एका साध्या सर्व्हरवरून, चांगल्या वेगाच्या जोडणीवर, जगातल्या सगळ्या आयपीव्ही४ पत्त्यांवरचा एक पोर्ट ते ४५ मिनिटांच्या आत तपासून संपवायचं. शोदानसारखी शोधयंत्रं तर उघड्या कॅमेऱ्यांची, डिस्कची यादीच करून ठेवतात. तुम्ही आज पोर्ट उघडलात की कुणीतरी त्यावर टकटक करणार हे धरूनच चाला.

त्यामुळे काय होतं याचं उदाहरण २०१६ चं. मिराई नावाच्या प्रोग्रामने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले. त्याच्याकडे फार मोठी युक्ती नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डांची यादी होती, तीच तो एकेका यंत्रावर लावून पाहायचा. २१ ऑक्टोबर २०१६ ला अशाच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येक तास अडखळल्या. यंत्रांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता.

केवळ पासवर्ड बदलूनही नेहमी भागत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलांत असा दोष जाहीर झाला, की कॅमेऱ्याचा वेब पोर्ट बाहेरून पोचण्याजोगा असेल तर पासवर्डशिवायही त्याचा ताबा घेता यायचा. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर दिलं. पण भिंतीवर एकदा बसवलेल्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर कोण बदलत बसतं?

म्हणून कामानुसार निर्णय घ्या.

कॅमेरा किंवा डीव्हीआर : पोर्ट उघडू नका. क्लाउड ॲप किंवा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतची खासगी, सुरक्षित वाट, वापरा.

टॅलीचा किंवा ऑफिसचा कॉम्प्युटर : ३३८९ हा पोर्ट तर कधीच उघडू नका. रिमोट डेस्कटॉपचा पासवर्ड फोडून आत शिरायचं आणि सगळ्या फाइलींना कुलूप घालून खंडणी मागायची, ही रॅन्समवेअरवाल्यांची नेहमीची वाट आहे. मार्च-एप्रिलच्या तोंडावर हिशेबाच्या वह्या अडकल्या तर सीएसाठी त्याहून वाईट काय? इथेही व्हीपीएन किंवा टेलस्केल.

मुलांचा गेम सर्व्हर : चालेल, पण फक्त सुट्टीपुरता, मित्रांच्या नावांची यादी सर्व्हरवर घालून. सर्व्हर ज्या कॉम्प्युटरवर असेल त्यावर बँकेची कामं करू नका.

स्वतःचा व्हीपीएन सर्व्हर : घरगुती वापरात पोर्ट उघडायला सगळ्यांत योग्य कारण हेच. एकच पोर्ट उघडायचा आणि त्याच्यातून घरातलं सगळं सुरक्षितपणे गाठायचं. वायरगार्ड नावाचा व्हीपीएन यासाठी उत्तम. मार्च २०२० मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यातच सामील झाला. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे हेही कळत नाही. पुढची कृती याच उदाहरणाने पाहू.

नियम कसा लिहायचा

समजा, घरातल्या एका जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर वायरगार्ड बसवला आहे.

पहिलं काम : त्या यंत्राचा घरातला आकडा पक्का करा. राऊटर हे आकडे डीएचसीपी या सोयीने वाटतो आणि ते बदलू शकतात. वळवाच्या पावसात लाइन गेली, परत आली, सगळी यंत्रं एकदम चालू झाली आणि काल व्हीपीएनला दिलेला आकडा आज टीव्हीला गेला, असं सहज घडतं. मग नियम टीव्हीकडे बोट दाखवत राहतो. राऊटरच्या पानावर 'डीएचसीपी रिझर्व्हेशन' किंवा 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा. जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून आपलं यंत्र निवडा. त्याचा मॅक ॲड्रेस, म्हणजे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या, आपोआप येतो. त्यासमोर १९२.१६८.१.५० असा आकडा लिहून जतन करा आणि यंत्र एकदा बंद करून चालू करा. शक्य असेल तर ते वायफायऐवजी लॅन केबलने जोडा.

दुसरं काम : नियमाचं पान शोधा. त्याचं नाव कंपनीगणिक बदलतं : 'पोर्ट फॉरवर्डिंग', 'व्हर्च्युअल सर्व्हर', 'पोर्ट मॅपिंग' किंवा 'नॅट'. ते 'ॲडव्हान्स्ड', 'ॲप्लिकेशन' किंवा 'सिक्युरिटी' या विभागांत दडलेलं असतं. दिसतच नसेल, तर कंपनीने तुम्हाला मर्यादित लॉगिन दिलेलं असू शकतं. ॲडमिन लॉगिन मागा किंवा नियम त्यांच्याकडून टाकून घ्या.

तिसरं काम : फॉर्म भरा. आमच्या उदाहरणात तो असा दिसेल.

सर्व्हिस नेम : घर-व्हीपीएन (इथे इंग्रजीतलं साधं नाव लिहा, काही राऊटरना देवनागरी चालत नाही)
एक्स्टर्नल पोर्ट : ५१८२०
इंटर्नल आयपी : १९२.१६८.१.५०
इंटर्नल पोर्ट : ५१८२०
प्रोटोकॉल : यूडीपी
स्टेटस : एनेबल

काही राऊटर पोर्टची सुरुवात आणि शेवट असे दोन रकाने विचारतात. दोन्हींत एकच क्रमांक लिहा. तिथे १ ते ६५५३५ लिहिणं म्हणजे गेट काढून ठेवणं. प्रोटोकॉल मात्र काळजीपूर्वक निवडा. वायरगार्डला यूडीपी लागतो, माइनक्राफ्टच्या जावा सर्व्हरला टीसीपी. इथे चुकलं तर बाकी सगळं बरोबर असूनही जोडणी होत नाही. कनेक्शन किंवा इंटरफेस विचारला, तर इंटरनेट ज्यावर चालतं ते निवडा. काही डब्यांवर टीव्ही आणि फोनसाठी वेगळे इंटरफेस दिसतात, ते नकोत.

चौथं काम : यंत्राची स्वतःची फायरवॉल. राऊटरने पाहुणा आत सोडला तरी विंडोज त्याला दारात अडवू शकतं. विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या 'इनबाउंड रूल्स'मध्ये त्याच पोर्टची आणि त्याच प्रोटोकॉलची परवानगी द्या. सगळी फायरवॉल बंद करून टाकणं हा उपाय नव्हे.

तपासणी बाहेरूनच

नियम झाला की मोबाइलचं वायफाय बंद करा आणि मोबाइल डेटावरून जोडून पाहा. घरच्याच वायफायवरून आपल्याच पब्लिक आयपीला हाक मारली, तर अनेक राऊटर ती परत आत वळवत नाहीत. त्यामुळे नियम बरोबर असूनही 'चालत नाही' असं वाटतं आणि माणूस बरोबर असलेलं बदलत सुटतो.

इंटरनेटवर पोर्ट तपासून देणारी पानं आहेत, पण त्यांच्या दोन मर्यादा ध्यानात ठेवा. पोर्टमागचा प्रोग्राम चालू नसेल, तर नियम बरोबर असूनही ती 'क्लोज्ड' सांगतात. आणि बहुतेक पानं फक्त टीसीपी तपासतात. वायरगार्डसारखा यूडीपी पोर्ट त्यांना कळत नाही. वायरगार्डची खरी तपासणी मोबाइलच्या ॲपमध्ये होते. 'लेटेस्ट हँडशेक' समोर काही सेकंदांपूर्वीची वेळ दिसली की जोडणी झाली.

बदलत्या आयपीचं काय?

स्टॅटिक आयपी घेतलेला नसेल, तर राऊटर बंद-चालू झाल्यावर पब्लिक आयपी बदलू शकतो. डीडीएनएस ही सेवा त्यासाठी आहे. डकडीएनएस किंवा नो-आयपी यांवर एक नाव घ्यायचं, राऊटरमध्ये किंवा घरातल्या कॉम्प्युटरवर त्याची नोंद करायची. आकडा बदलला की ते नाव नव्या आकड्याकडे वळतं. नाव निवडताना आडनाव, स्कीमचं नाव, फ्लॅट नंबर टाळा. नो-आयपीचं फुकट खातं ठरावीक मुदतीने पुन्हा पक्कं करावं लागतं, त्याची आठवण मोबाइलवर लावून ठेवा. डीडीएनएसने सीजीनॅट सुटत नाही, हेही लक्षात असू द्या.

नागपूरच्या उन्हाळ्यात राऊटर बंद पडू नये म्हणून आणखी दोन बारीक गोष्टी. राऊटर आणि फायबरचा डबा यांना बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर लाइन गेल्यावरही जोडणी टिकते. मात्र व्हीपीएनचं यंत्रही बॅटरीवर हवं. आणि राऊटर कूलरच्या वाऱ्यात किंवा पीओपीच्या छताच्या पोकळीत ठेवू नका. एकीकडे ओल, दुसरीकडे कोंडलेली उष्णता. मे महिन्यात राऊटर मधूनमधून बंद पडण्याची ही साधी कारणं आहेत.

जोडणी होत नसेल तर या क्रमाने पाहा

१. राऊटरवरचा आयपी आणि गूगलने दाखवलेला आयपी आजही सारखाच आहे का? कंपनी न कळवता कनेक्शन सीजीनॅटवर टाकू शकते.
२. यंत्राचा घरातला आकडा नियमातलाच आहे का?
३. घरच्या वायफायवरून ती सेवा चालते का? घरात चालत नसेल तर राऊटरकडे बघायचं कारणच नाही.
४. टीसीपी की यूडीपी?
५. विंडोजची फायरवॉल किंवा अँटिव्हायरस अडवतोय का?
६. मध्ये दुसरा राऊटर आहे का?
७. पोर्ट कंपनीनेच अडवलाय का? २५, ८०, ४४५ असे पोर्ट काही कंपन्या घरगुती कनेक्शनवर बंद ठेवतात. वेगळा एक्स्टर्नल पोर्ट वापरून पाहा.

यांतून एकेक गोष्ट बदला आणि दरवेळी तपासा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशामुळे चाललं तेही कळत नाही आणि कशामुळे बिघडलं तेही.

उघडलेल्या पोर्टची राखण

राऊटरचा ॲडमिन पासवर्ड आणि आतल्या यंत्राचा पासवर्ड वेगवेगळे आणि लांब ठेवा. डीव्हीआर बसवणाऱ्याने घातलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. तो त्याच्या इतर ग्राहकांकडेही तोच असण्याची शक्यता दाट असते. स्कीमच्या गेटवरच्या सामायिक डीव्हीआरचं बघायचं, तर ॲडमिन पासवर्ड सचिवाकडे एकाच ठिकाणी लिहून ठेवावा आणि ज्यांना फक्त बघायचंय त्यांना बघण्यापुरतं वेगळं लॉगिन द्यावं. समितीचा माणूस बदलला की पासवर्डही बदलावा.

राऊटरमधली तीन बटणं तपासा. 'रिमोट मॅनेजमेंट' बंद हवं, नाहीतर राऊटरचं पानच जगाला दिसतं. 'यूपीएनपी' शक्यतो बंद ठेवा. ते चालू असेल तर घरातलं कुठलंही यंत्र तुम्हाला न विचारता पोर्ट उघडू शकतं. आणि 'डीएमझेड' वापरू नका. काहीच जमत नसलं की काही जण वैतागून तेच लावतात, आणि त्या एका यंत्राकडे बाहेरची सगळी मागणी थेट जाते. एक्स्टर्नल पोर्ट ३३८९ ऐवजी ४७२११ केला की सुरक्षित झालो, असंही मानू नका. चाचपणारे थोडे कमी होतात, एवढंच.

फोनवरून 'तुमच्या राऊटरमध्ये व्हायरस आहे, एनीडेस्क टाका' असं कुणी सांगितलं तर फोन ठेवा; त्या ॲपने समोरचा माणूस दुरून तुमचं यंत्र चालवू शकतो. इंटरनेट कंपनी असं काम न मागता करत नाही. अशा फोनमुळे पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनवर कळवा. यंत्रात काही शिरल्याची शंका आली तर आधी लॅन केबल काढा, राऊटरमधला नियम बंद करा, मग पासवर्ड बदला. आणि केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची फुकट साधनं कॉम्प्युटर तपासायला वापरा.

शेवटी एक छोटी नोंदवही ठेवा; मोबाइलमधलं टिपणसुद्धा चालेल. कुठला पोर्ट, कुठल्या यंत्रासाठी, कशासाठी, कुणी आणि कधी उघडला. दर तीन महिन्यांनी राऊटरच्या पानावरचे नियम त्या नोंदीशी ताडून पाहा. गेम सर्व्हरची सुट्टी संपलेली असते, विकून टाकलेल्या डीव्हीआरचा नियम तसाच राहिलेला असतो, जुन्या भाडेकरूने केलेलं काहीतरी अजून चालू असतं. ज्या नियमाचं कारण एका वाक्यात सांगता येत नाही तो 'डिसेबल' करा. आठवडाभरात घरातलं कुणी तक्रार केली नाही, तर तो कायमचा काढून टाका.